रिलेच्या कॉन्टॅक्टची चिन्हे आणि त्यांची संगणकावरील मांडणी : एक आढावा

३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहामुळे ज्या सुर्जी अंजनगावाचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले, ते अमरावती जिल्ह्यातील गाव आज पानमळे, पानपिंपळी, संत्र्याच्या बागा आणि कपाशीचा व्यापार यांसाठी ओळखले जाते. आणि या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आता विजेची मोटर येऊन बसली आहे. विहिरीवरचा किंवा बोअरवरचा पंप असो, जिनिंगमधले रेचे असोत, रुईच्या गठाणी बांधणारा प्रेस असो, की गावाची टाकी भरणारे पाणीपुरवठ्याचे यंत्र असो, प्रत्येकाशेजारी एक लोखंडी पेटी असते, आणि मोटर चालू करणे, बंद करणे, तिचे रक्षण करणे आणि एकामागून एक कामे ठरल्या क्रमाने घडवून आणणे हा त्या पेटीतील सारा कारभार रिले आणि कॉन्टॅक्टर पाहत असतात. पेटी बांधण्यापूर्वी तिचा नकाशा काढावा लागतो, आणि जो नकाशा पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर शाईने उमटे तो आता बहुतेक ठिकाणी संगणकावर तयार होतो. या नकाशातील सर्वांत लहान, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित, असा घटक म्हणजे रिलेच्या कॉन्टॅक्टचे चिन्ह. ते सॉफ्टवेअरमध्ये कसे सिद्ध करावे, त्याविषयी कोणत्या परंपरा आहेत, निरनिराळी सॉफ्टवेअरे त्याची व्यवस्था कशी लावतात आणि चुका नेमक्या कोठे होतात, याचा साकल्याने विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. कॉन्टॅक्टचे चिन्ह हे चित्र नसून दस्तऐवजातील नोंद आहे, आणि नोंदीची शुद्धता ती वाचणाऱ्या शेवटच्या माणसाच्या, म्हणजे पेटी उघडून उभ्या असलेल्या मिस्त्र्याच्या, सोयीवरून ठरवली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याच अनुरोधाने केले आहे.

एका पेटीचा नकाशा

विषय समजण्यासाठी एखाद्या पानमळ्याच्या विहिरीवरील साधा स्टार्टर डोळ्यांसमोर आणावा. एका फेजवरून निघालेली बारीक तार ओव्हरलोड रिलेच्या ९५ व ९६ या टर्मिनलांमधून जाते, तेथून लाल बटणाच्या एरवी बंद असणाऱ्या कॉन्टॅक्टमधून हिरव्या बटणाकडे येते, हिरवे बटण दाबताच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए१ या टोकाला पोहोचते, आणि ए२ हे कॉइलचे दुसरे टोक दुसऱ्या फेजला जोडलेले असल्यामुळे कॉइल भारित होऊन कॉन्टॅक्टर ओढला जातो. बोट काढल्यावर मोटर बंद पडू नये म्हणून त्याच कॉन्टॅक्टरचा १३–१४ हा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर ओढला गेला की तो मिटतो आणि कॉइलला स्वतःच्याच आधाराने धरून ठेवतो, ज्याला मिस्त्री ‘होल्डिंग’ म्हणतात. वीज गेली की हे धरून ठेवणे सुटते, आणि वीज परत आली तरी कोणीतरी हिरवे बटण दाबल्याखेरीज मोटर चालू होत नाही.

शेतीपंपांना थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आल्यामुळे वऱ्हाडातील शेतकऱ्याने या साध्या पेटीत दोन भर घातल्या. एक फेज गेला असता मोटर जळू नये म्हणून सिंगल-फेज प्रिव्हेंटर आला, आणि रात्री पुरवठा सुरू झाल्यावर अंधारात विहिरीवर जावे लागू नये म्हणून, हिरव्या बटणाचे काम थोड्या विलंबाने आपोआप करणारा ‘ऑटो’ आला. पुरवठा परतताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर रोहित्रावर असह्य भार येतो, म्हणून ऑटो वापरू नये आणि कपॅसिटर बसवावा असे आवाहन महावितरण वारंवार करीत असते. तो स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एवढ्याशा पेटीत कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, प्रिव्हेंटर आणि टायमर अशा चार उपकरणांचे कॉन्टॅक्ट एकाच तारेत गुंफले जातात, आणि नकाशावर ते आपापल्या उपकरणापासून दूर, वेगवेगळ्या ओळींत काढावे लागतात. प्रश्नाचे मूळ या दुराव्यात आहे.

चिन्हांचा इतिहास आणि दोन संप्रदाय

रिलेचा उगम १८३० च्या दशकात, जोसेफ हेन्री यांच्या विद्युच्चुंबकाच्या प्रयोगांतून आणि त्यापाठोपाठ आलेल्या तारायंत्रातून, झाला. आरंभी रिले जसा दिसे तसाच तो काढीत असत, म्हणजे कॉइल, तिने ओढली जाणारी पट्टी आणि पट्टीवरचे सर्व कॉन्टॅक्ट एकाच ठिकाणी. टेलिफोनची केंद्रे आणि रेल्वेची सिग्नल-व्यवस्था यांत रिलेंची संख्या वाढत गेली तशा या पद्धतीच्या नकाशांत तारांचे जाळे इतके दाट झाले की ते वाचणे दुष्कर झाले. त्यावर उपाय म्हणून कॉइल एका जागी आणि तिचे कॉन्टॅक्ट जेथे कार्य करतात त्या जागी, अशी विभक्त मांडणी रूढ झाली. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतील आपल्या प्रबंधात रिले-मंडलांना बूलच्या बीजगणिताचे नियम लावून दाखवले, तेव्हा प्रत्येक कॉन्टॅक्ट ही तर्कशास्त्रातील एक स्वतंत्र राशी म्हणून गणली जाऊ लागली आणि विभक्त मांडणीला तात्त्विक अधिष्ठानही लाभले. आकलन सुलभ झाले; परंतु कॉन्टॅक्ट कोणत्या कॉइलचा, हे सांगण्याची जबाबदारी आता चित्रावरून नावावर आणि क्रमांकावर आली.

चिन्हांच्या रूपाविषयी जगात दोन संप्रदाय प्रबळ आहेत. अमेरिकन वहिवाटीत कॉइल वर्तुळाने आणि कॉन्टॅक्ट दोन समांतर उभ्या रेघांनी दाखवतात, बंद कॉन्टॅक्ट असल्यास त्यांवरून तिरकी रेघ मारतात, आणि सारा नकाशा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या ओळींत मांडतात. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, ६०६१७ या मानकात कॉइल आयताने आणि कॉन्टॅक्ट तारेपासून कललेल्या पात्याने दाखवले जातात, आणि ओळी बहुधा उभ्या असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२०३२ या मानकमालेने हाच आंतरराष्ट्रीय मार्ग स्वीकारला असल्यामुळे आपल्याकडील नकाशांना तोच प्रमाण मानणे योग्य होय. तथापि पीएलसीच्या, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरच्या, शिडी-भाषेत अमेरिकन रूप टिकून राहिले आहे. त्यामुळे पॉलिटेक्निकमधून पीएलसी शिकून बाहेर पडलेला तरुण जेव्हा पेटीचा नकाशा काढावयास बसतो तेव्हा तो नकळत दोन्ही संप्रदायांचे मिश्रण करतो. आणि दोन समांतर रेघा आयईसीच्या परिभाषेत कपॅसिटर दर्शवीत असल्यामुळे असा नकाशा नुसता विशोभित न राहता दिशाभूल करणारा ठरतो.

तिसरी एक परंपरा आपल्या अगदी जवळची आहे. मुंबई–नागपूर मार्गावरील अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके ज्या रेल्वेवर आहेत, तिच्या सिग्नल-खात्यात कॉन्टॅक्टजवळ रिलेचे नाव लिहून वर किंवा खाली तोंड केलेल्या बाणाने तो रिले ओढलेला असताना मिटतो की सुटलेला असताना, हे दाखवण्याचा शिरस्ता आहे. तेथील क्यू मालिकेच्या रिलेत ए१–ए२ हा कॉन्टॅक्ट असतो आणि कॉइलची टोके आर१–आर२ असतात, तर औद्योगिक कॉन्टॅक्टरात ए१–ए२ हीच कॉइल असते. एका क्षेत्रातील चिन्हसंग्रह दुसऱ्या क्षेत्रात जसाच्या तसा नेता येत नाही, याला याहून बोलका दाखला नाही.

क्रमांकांचा अर्थ

कॉन्टॅक्टचे क्रमांक यदृच्छेने पडलेले नसतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. युरोपीय पद्धतीत, जी आता भारतीय बनावटीच्या बहुतेक कॉन्टॅक्टरांवरही आढळते, साहाय्यक कॉन्टॅक्टच्या दोन अंकी क्रमांकातील दशमस्थानचा अंक त्याचा अनुक्रम सांगतो आणि एकमस्थानचा अंक त्याचा स्वभाव सांगतो. १ व २ म्हणजे एरवी बंद, ३ व ४ म्हणजे एरवी उघडा, ५ व ६ म्हणजे विलंबाने किंवा अन्य विशेष कारणाने उघडणारा, ७ व ८ म्हणजे तशाच रीतीने मिटणारा. म्हणून १३–१४ हा पहिला, उघडा कॉन्टॅक्ट. २१–२२ हा दुसरा, बंद. अदलाबदल करणारा असेल तर ११ हे समाईक टोक, १२ बंद बाजू आणि १४ उघडी बाजू. टायमरवर तेच १५, १६ आणि १८. ओव्हरलोडवर ९५–९६ हा ट्रिप झाला असता उघडणारा आणि ९७–९८ हा ट्रिप झाला असता मिटणारा. ज्याला ही किल्ली ठाऊक आहे तो पेटीवरचे क्रमांक वाचूनच नकाशा अर्धा ओळखतो.

परंतु ही पद्धत सार्वत्रिक नाही. आपल्याकडील पॅनेलांत सर्रास वापरला जाणारा, पारदर्शक टोपणाचा, सॉकेटात बसणारा चौदा पिनांचा लहान रिले घ्या. त्याच्या जुन्या आणि अजूनही प्रचलित क्रमांकनात १ ते ४ या बंद बाजू, ५ ते ८ या उघड्या बाजू, ९ ते १२ ही समाईक टोके आणि १३–१४ ही कॉइल असते. कॉन्टॅक्टरवर जे आकडे होल्डिंगचा कॉन्टॅक्ट दर्शवतात तेच आकडे या रिलेवर कॉइल दर्शवतात. आठ पिनांच्या गोल रिलेत पुन्हा कॉइल २ आणि ७ वर, पहिला समाईक १ वर, त्याची उघडी बाजू ३ वर आणि बंद बाजू ४ वर. तेव्हा सॉफ्टवेअरच्या संग्रहातून आयते मिळालेले चिन्ह ११–१४ असे क्रमांक घेऊन नकाशावर उतरले आणि सॉकेटावर मात्र ९ आणि ५ कोरलेले असले, तर नकाशा मानकाप्रमाणे निर्दोष असूनही मिस्त्र्याच्या उपयोगाचा राहत नाही. चिन्हाचे रूप मानकावरून घ्यावे, परंतु त्याचे क्रमांक प्रत्यक्ष मालावरून घ्यावेत, हा नियम येथून निष्पन्न होतो.

सॉफ्टवेअरांच्या तऱ्हा

डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले तेव्हा त्याच्या दृष्टीने कॉन्टॅक्टचे चिन्ह म्हणजे काही रेघांचा एक गठ्ठा होता. तो कोणाचा, किती, कोणत्या क्रमांकाचा, याची यंत्राला दखल नव्हती, आणि आजही साध्या ऑटोकॅडवर काम करणाऱ्याला ही सर्व रुजवात स्वतःच्या डोळ्यांनी करावी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्युत-आरेखनाची खास सॉफ्टवेअरे निर्माण झाली. जर्मनीतील ईप्लॅन १९८४ पासून आहे. ऑटोकॅडवर आधारलेले व्हीआयए कंपनीचे उत्पादन ऑटोडेस्कने २००३ मध्ये विकत घेतले आणि ते ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या नावाने प्रसिद्धीस आले. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल, सी इलेक्ट्रिकल ही त्यांचीच भावंडे. आणि विनामूल्य मिळणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरांत फ्रान्समध्ये उगम पावलेले क्यूइलेक्ट्रोटेक विशेष उल्लेखनीय आहे.

या सर्वांच्या अंतरंगात एकच कल्पना आहे. कॉइलचे चिन्ह मुख्य, कॉन्टॅक्टची चिन्हे तिची आश्रित. मुख्य चिन्हापाशी तिच्या सर्व कॉन्टॅक्टची यादी, आणि प्रत्येक कॉन्टॅक्टपाशी त्याच्या कॉइलचा ठावठिकाणा. महसुली दप्तराशी परिचित असलेल्या वाचकाला हे चटकन उमगेल: एका गटाचा सातबारा काढला असता त्याचा खातेदार कळतो, आणि खातेदाराचा आठ-अ काढला असता त्याचे सारे गट कळतात; दोन्ही उतारे एकमेकांशी जुळत असतील तरच दप्तर विश्वासार्ह.

कल्पना एक असली तरी अंमल निराळा आहे. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये चिन्हाच्या फाइलचे नावच त्याची ओळख ठरवते. पहिले अक्षर एच किंवा व्ही, म्हणजे चिन्ह आडव्या तारेसाठी की उभ्या. पुढची दोन अक्षरे कुळ सांगतात, जसे कंट्रोल रिलेसाठी सीआर. चौथ्या जागी १ असेल तर मुख्य, २ असेल तर आश्रित. आणि आश्रिताच्या पाचव्या जागी १ म्हणजे उघडा, २ म्हणजे बंद. म्हणून ‘एचसीआर१’ ही कॉइल, ‘एचसीआर२१’ हा तिचा उघडा कॉन्टॅक्ट आणि ‘एचसीआर२२’ हा बंद. चिन्ह उत्तम काढले पण नाव मनाप्रमाणे दिले, तर सॉफ्टवेअर त्याला रिलेचा कॉन्टॅक्ट म्हणून ओळखतच नाही. शिवाय चिन्हात काही अदृश्य रकाने ठेवावे लागतात: मुख्यासाठी एक नाव-रकाना आणि आश्रितासाठी दुसरा, टर्मिनल क्रमांकाचे रकाने, आणि तार कोणत्या बाजूने येऊन मिळेल ते सांगणारे जोडबिंदू, ज्यांच्या नावात १ म्हणजे उजवीकडून, २ म्हणजे वरून, ४ म्हणजे डावीकडून आणि ८ म्हणजे खालून अशी खूण असते. कॉइलच्या चिन्हात ‘१,१३,१४;२,२१,२२’ अशा धाटणीची पिनांची यादी भरून ठेवली की प्रत्येक नवा कॉन्टॅक्ट त्यातून पुढचा योग्य क्रमांक उचलतो, आणि यादी संपल्यावर आणखी कॉन्टॅक्ट मागितला तर सॉफ्टवेअर हरकत घेते.

ईप्लॅनमध्ये चित्र आणि कार्य यांची फारकत केलेली आहे. दिसणारे चिन्ह एक गोष्ट, आणि ‘दोन टोकांचा उघडा कॉन्टॅक्ट’ ही त्याची कार्य-व्याख्या दुसरी गोष्ट. चित्र बदलले तरी कार्य कायम राहते, आणि यादी, तपासणी, मालाची निवड हे सर्व कार्यावर चालते. एका उपकरणाच्या अनेक अंशांपैकी एकालाच मुख्य ठरवता येते. मालाच्या नोंदीत त्याच्या कॉन्टॅक्टचे साचे अगोदर भरून ठेवले की कॉइलखाली वापरलेल्या व शिल्लक कॉन्टॅक्टांची आकृती आपोआप उमटते. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकलमध्ये नकाशावरील मागणी आणि मालातील उपलब्धता यांची तुलना रंगांनी दाखवली जाते. मालात नसलेला कॉन्टॅक्ट नकाशावर काढला की तांबडा रंग तो दोष उघड करतो.

क्यूइलेक्ट्रोटेकची व्यवस्था सर्वांत सरळ आहे आणि, खर्चाचा विचार करता, आपल्या लहान पॅनेलवाल्यांना व विद्यार्थ्यांना सर्वांत सोयीची. चिन्ह काढताना ते मुख्य की आश्रित एवढे ठरवावयाचे. आश्रित असल्यास उघडा, बंद की अदलाबदलीचा, साधा, शक्तीचा की विलंबाचा, हे पर्यायांतून निवडावयाचे. जोडबिंदू चार दिशांपैकी एकीकडे तोंड करून बसवावयाचा. नकाशावर आश्रित चिन्हावरून मुख्य चिन्ह निवडून दुवा जोडला की दोन्हीकडे परस्परनिर्देश उमटतात. घटकाची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे ती उघडून वाचता येते, आणि घटकाचे नाव अनेक भाषांत नोंदण्याची सोयही तीत आहे.

चुका कोठे होतात

पहिली चूक दिशेची. आयईसीच्या शिरस्त्यानुसार उभ्या तारेवरील कॉन्टॅक्टचे पाते, कॉइल भारित होताच, डावीकडून उजवीकडे सरकते असे दाखवावे, आणि आडव्या तारेवर ते खालून वर सरकते असे. उभे चिन्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नव्वद अंश फिरवले तर डावीकडचे पाते वर जाते आणि त्याची हालचाल वरून खाली होते, जी नियमाविरुद्ध आहे. उलट दिशेने फिरवले तर पाते खाली येऊन वर सरकते, जी नियमानुसार आहे. फिरवण्याची आज्ञा सॉफ्टवेअर निमूटपणे पाळते, नियम पाळत नाही. म्हणून ईप्लॅन एकाच चिन्हाची फिरवलेली आणि उलटवलेली अशी आठ रूपे ठेवते, आणि ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आडव्या व उभ्या तारांसाठी वेगळे संच ठेवते. स्वतःचा संग्रह करणाऱ्यानेही दोन्ही स्थितींची चिन्हे प्रथमच निरनिराळी काढून ठेवावीत.

दुसरी चूक स्थितीची, आणि तिचे उदाहरण प्रिव्हेंटरमध्ये मिळते. नकाशावर रिलेचे कॉन्टॅक्ट नेहमी वीज नसलेल्या, अक्रिय स्थितीत दाखवावयाचे असतात. पुष्कळ प्रिव्हेंटरांत आतला रिले तिन्ही फेज सुस्थितीत असताना ओढलेला राहतो आणि फेज गेला की सुटतो, जेणेकरून प्रिव्हेंटर स्वतः निकामी झाला तरी मोटर बंद पडावी. अशा उपकरणाचा जो कॉन्टॅक्ट कॉइलच्या मार्गात असतो तो मोटर चालू असेतोवर मिटलेला असतो. त्यामुळे काढणाऱ्याला तो ‘बंद’ वाटतो आणि तो एनसीचे, म्हणजे एरवी बंद कॉन्टॅक्टचे, चिन्ह टाकतो, वस्तुतः तो एनओ, म्हणजे एरवी उघडा, असतो. या नकाशावरून बांधणाऱ्याने १४ ऐवजी १२ वर तार नेली, तर सुस्थितीत मोटर चालत नाही आणि फेज गेल्यावर तिच्या कॉइलचा मार्ग खुला होतो, म्हणजे रक्षकच घात करतो. काही बनावटी याच्या उलट तत्त्वावर चालतात, म्हणून चिन्हाशेजारी ‘तिन्ही फेज असताना ओढलेला’ असा तीन-चार शब्दांचा शेरा लिहिणे हा या दोषावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

तिसरी चूक मालकीची. जिनिंग-प्रेसिंगच्या मोठ्या मोटरीला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. त्यात के१ मुख्य, के२ डेल्टा आणि के३ स्टार असे तीन कॉन्टॅक्टर कल्पू या. के२ आणि के३ एकाच वेळी मिटले तर तिन्ही फेज एकमेकांवर आदळतात, म्हणून के२ च्या कॉइलमार्गात के३ चा २१–२२ आणि के३ च्या कॉइलमार्गात के२ चा २१–२२ घालतात. आता आरेखकाने दुवा न जोडता हाताने नाव टंकित केले, आणि के३ च्या मार्गात के२ ऐवजी के३ असेच लिहिले गेले, तर कागदावर रेघांत तिळमात्र फरक दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र के३ ओढला जाताच स्वतःचाच मार्ग तोडतो, सुटतो, पुन्हा ओढला जातो, आणि कॉन्टॅक्टर खडखडत राहून त्याचे कॉन्टॅक्ट जळतात. शिवाय डेल्टा मिटलेला असताना स्टारला अडवणारे कोणी उरत नाही. दुवा जोडलेला असता तर के३ च्या यादीत २१–२२ दोनदा आणि के२ च्या यादीत शून्य वेळा दिसले असते, आणि तपासणीत दोष तेथेच पकडला गेला असता. आश्रित चिन्हाचे नाव हाताने लिहू नये, दुव्यातूनच येऊ द्यावे, हा नियम म्हणून अपवादरहित पाळावा.

चौथी चूक विलंबाची. कॉइल भारित झाल्यावर उशिरा मिटणारा आणि कॉइल सुटल्यावर उशिरा उघडणारा, या दोन कॉन्टॅक्टांच्या चिन्हांत फरक फक्त पात्याला जोडलेल्या लहान कमानीच्या तोंडाचा असतो. कॉइलच्या आयतातही पहिल्यासाठी फुलीचा आणि दुसऱ्यासाठी काळा भरलेला रकाना असतो. कॉइल एका प्रकारची आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या प्रकारचा पडला तर त्याला हटकण्याची अपेक्षा सॉफ्टवेअरकडून धरू नये; ही खातरजमा माणसानेच करावयाची आहे.

ओव्हरलोड रिलेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. द्विधातू पट्टीच्या ओव्हरलोडला कॉइल नसतेच. त्याचे मुख्य चिन्ह म्हणजे मोटरीच्या तिन्ही फेजांत बसलेला तापक भाग. जो नवशिका ‘मुख्य म्हणजे कॉइल’ एवढेच शिकलेला असतो तो ९५–९६ ला मालकच न देता अनाथ ठेवतो. मुख्य चिन्ह म्हणजे कॉन्टॅक्टला हलवणारा अंश, मग तो चुंबक असो, पट्टी असो वा इलेक्ट्रॉनिक मंडल असो, अशी व्यापक व्याख्या धरावी.

मतभेद आणि शिफारस

काही बाबतींत जाणत्यांतही दोन मते आहेत. अदलाबदलीचा कॉन्टॅक्ट एकाच तीन टोकांच्या चिन्हाने दाखवावा, की ११–१२ आणि ११–१४ अशी दोन सुटी चिन्हे करावीत? दोन्ही बाजू शेजारच्या मार्गांत वापरल्या असतील तर एकच चिन्ह अधिक सत्यनिष्ठ होय, कारण ११ वर येणारी तार एकच आहे हे त्यातून आपोआप कळते. मार्ग दूरदूर असतील तर सुटी चिन्हे वाचनाला सुकर पडतात, परंतु दोन्हीकडचे ११ एकाच तार-क्रमांकाचे आहेत याची तपासणी बंधनकारक मानावी. न वापरलेले कॉन्टॅक्ट दाखवावेत की नाही, याविषयी प्रस्तुत लेखकाचा कौल दाखवण्याच्या बाजूने आहे. कारण आज साधा असलेला स्टार्टर उद्या मोबाइल स्टार्टर जोडून घेतो, आणि कोणता कॉन्टॅक्ट मोकळा आहे हे नकाशावरूनच कळले तर पेटी चाचपडत बसावे लागत नाही.

मराठी मजकुराचाही एक प्रश्न आहे. ऑटोकॅडचे जुने रेघाक्षरी फाँट देवनागरी जाणत नाहीत. शेरे मराठीत हवे असतील तर युनिकोड असलेला ट्रूटाइप फाँट साच्यातच नेमून द्यावा. क्रमांक आणि उपकरणांची नावे मालावर कोरलेली असतील तशीच, रोमन लिपीत ठेवावीत, आणि कार्याचे वर्णन, जसे ‘पाणी संपल्यास मोटर बंद’, मराठीत लिहावे, ही विभागणी व्यवहारात सर्वांत उपयुक्त आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष कामाच्या क्रमात सांगता येतो. प्रथम प्रत्यक्ष रिले हाती घेऊन त्यावरचे क्रमांक तक्त्यात उतरवावेत. मग आयएस १२०३२ प्रमाणे रूप निश्चित करून कॉइल, उघडा, बंद, अदलाबदलीचा आणि दोन्ही विलंबांचे कॉन्टॅक्ट उभ्या व आडव्या स्थितीत, जोडबिंदू जाळीच्या छेदावर ठेवून, काढावेत. त्यानंतर मुख्य चिन्हात कॉन्टॅक्टची संपूर्ण यादी भरावी, आणि एक लहान स्टार्टर काढून पाहून मुद्दाम एक कॉन्टॅक्ट जास्त मागावा: सॉफ्टवेअरने हरकत घेतली तर मांडणी सिद्ध झाली, न घेतली तर यादी कोठे तरी अपुरी आहे. अखेरीस तो नकाशा ज्याने काढला नाही अशा मिस्त्र्याच्या हाती देऊन उघड्या पेटीवर एकेक तार शोधावयास सांगावी.

वऱ्हाडात अमरावती, अकोला, अचलपूर येथे तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत आणि त्यांच्या प्रयोगशाळांत याच स्टार्टरांवर धडे दिले जातात. त्यांनी मिळून शेतीपंप, जिनिंग आणि पाणीपुरवठा या तीन पेट्यांना पुरेल एवढा, तपासलेला, मराठी वर्णनांसह असलेला आणि विनामूल्य सॉफ्टवेअरवर चालणारा चिन्हसंग्रह सिद्ध करावा, दर वर्षी बाजारात आलेल्या नव्या रिलेंचे क्रमांक त्यात भरावेत आणि तो सर्व पॅनेलवाल्यांना खुला ठेवावा. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. चार-दोन अध्यापक, अनुभवी मिस्त्री आणि होतकरू विद्यार्थी यांच्या एका सत्राच्या श्रमांत त्याचा पाया घातला जाईल. आज प्रत्येक आरेखक आपापल्या संगणकावर तीच चिन्हे नव्याने काढतो आणि त्याच चुका नव्याने करतो. सामाईक संग्रहात मात्र एकदा दुरुस्त केलेली चूक सर्वांसाठी दुरुस्त होते, आणि विहिरीवरची मोटर वाचण्याची सुरुवात तेथूनच होते.